अव्वाला न वाचता येणारं कपाळ

अप्पा,

तुम्हाला काही सांगावं अशी वेळ तुम्ही गेल्यापासून आली नव्हती. खरं तर तुम्ही होतात तेव्हाही क्वचितच आली. तुम्हाला सांगितलेली गोष्ट विहिरीत टाकलेल्या खड्यासारखी जायची, आणि विहिरीतून निदान 'डुबुक' असा आवाज तरी येतो. आता जे सांगतोय त्यावरही तुम्ही काही म्हणणार नाही, पण या वेळी तुमच्याकडे त्याला सबळ कारण आहे. तर ऐका. तुमच्या पोरानं पन्नाशी उलटल्यावर सोलापूरला जाऊन कपाळात सुया टोचून घेतल्या. आजार कसलाही नाही. दोन भुवयांच्या मधली खोल घडी आणि वरच्या आडव्या रेषा जाव्यात, एवढ्याचसाठी. हल्ली असं एक औषध निघालंय, ते कातडीखालच्या स्नायूत सोडलं की तो स्नायू काही महिने गप्प बसतो. स्नायू गप्प, म्हणून वरची कातडी सपाट, म्हणून माणूस तरुण. या हिशेबानं तुम्ही जन्मभर तरुण होतात, आणि तेही एक सुई न टोचता. तुमच्या कपाळावर आडव्या रेषा होत्या त्या फक्त भस्माच्या. सकाळी लिंगपूजा झाली की तीन बोटांनी ओढलेल्या, आणि संध्याकाळी बाजारातून परत येईपर्यंत तशाच सरळ, कारण खालचं कपाळ दिवसभरात हललेलंच नसायचं.

तुम्ही विचारणार नाही, पण मीच सांगतो, हे खूळ डोक्यात शिरलं कसं. माझा धंदा तुम्हाला माहीत आहे; माहीत होता पण मान्य नव्हता, असं म्हणू. लोकांची टिंगल करून पोट भरणारा माणूस मी. केस काळे करून उद्घाटनाला येणारे पुढारी, साठीच्या समारंभात पंचविशीतला फोटो छापून घेणारे मुख्याध्यापक, यांच्यावर मी आठवड्याच्या आठवड्याला लिहिलं, गणपतीच्या मांडवात बोललो, लोक हसले. आता मांडव कमी झाले. आता एका खोलीत, फोनच्या समोर, एकट्यानं बसून बोलायचं आणि लोकांनी घरी बसून बघायचं. तिथंच घोटाळा झाला. मांडवात मागच्या रांगेला माणसाचा आवाज पोचतो, घडी पोचत नाही. फोनवर सगळ्यात आधी घडीच पोचते. खाली लोक लिहायला लागले, 'काका चिडून बोलतात पण खरं बोलतात.' एकानं लिहिलं, 'यांच्या घरी काही झालंय का?' एका चांगल्या, घासूनपुसून आणलेल्या विनोदाखाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. माणूस हसवायला बसतो आणि समोरची मंडळी सांत्वन करून निघून जातात, हे काही बरं लक्षण नाही. मला भीती वाटायला लागली, अप्पा. आपण विनोदी लेखक म्हणून म्हातारे होणार नाही, आपण नुसते कुरकुरे म्हातारे होणार, अशी भीती. रात्र रात्र जागलो नाही, पण दुपारची झोप गेली.

तुमच्या सुनेला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "अहो, देवानं दिलेलं कपाळ, त्याला इस्त्री मारायला निघालात व्हय?" मी म्हटलं, कुणाला बोलू नको. ती म्हणाली, "मी कशाला बोलू? तुमच्याच पेपरात तुम्हीच लिहिलंय की, रंगरंगोटी केलेल्या माणसाजवळ उभं राहू नये, कपड्याला लागतं." लिहिलं होतं खरं. आपलंच वाक्य आपल्या अंगावर येतं तेव्हा ते फार चांगलं लिहिलंय असं वाटत नाही.

तरी ती सोबत आली. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला मऊ. आधी सगळं विचारून घेतलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हातापायात कधी कमजोरी आली होती का, आधी कधी असं इंजेक्शन घेतलंय का. मग म्हणाल्या, "काका, रागवून दाखवा बघू." मी रागावलो. "आता आश्चर्य करा." केलं. "आता डोळे गच्च मिटा." मिटले. पांढऱ्या पेन्सिलीनं त्या कपाळावर ठिपके काढत होत्या आणि मला वाटलं, आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी मला बोलणी बसली ती कुणीतरी पहिल्यांदाच करून दाखव म्हणून सांगतंय. सुई बारीक असते. मुंगी चावल्यासारखं म्हणतात, ते तसं बरोबर आहे, फक्त मुंगी जरा रागीट समजायची. पाच-सात ठिकाणी मुंगी चावली, बर्फ लावला, गांधी उठल्यासारखे बारके फुगवटे आले आणि अर्ध्या तासात बसले. एवढ्याचीच ती धास्ती.

पण सुई टोचायच्या आधी बाईंनी एक प्रश्न विचारला होता, आणि चूक मी तिथं केली. त्या म्हणाल्या, "काका, थोडी हालचाल ठेवू का? म्हणजे चेहरा नैसर्गिक दिसतो. की पूर्ण शांत करू?" आता सांगा, बैलबाजारातल्या दलालाच्या पोराला कुणी 'थोडं कमी देऊ का' असं विचारलं तर तो काय म्हणेल? मला वाटलं, माप कमी भरायचा डाव आहे. मी म्हणालो, "पूर्ण करून टाका." बाई म्हणाल्या, "नक्की ना?" मी म्हणालो, "नक्की." तुमची सून कोपऱ्यातून म्हणाली, "काठोकाठ भरा बाई, वर जरा शीग बी घाला." डॉक्टरीणबाई हसल्या. मी त्या दिवशी शेवटचं पूर्ण कपाळानं हसलो असेन.

निघताना सूचना. तीन-चार दिवसांत फरक दिसू लागेल, पूर्ण बसायला दोन आठवडे. टिकतं तीन-चार महिने. डोकं दुखेल कदाचित, एखादा निळा डाग पडेल. क्वचित एखाद्याची पापणी खाली येते, पण तीही काही आठवड्यांत आपोआप वर जाते, घाबरायचं नाही. चार तास आडवं पडायचं नाही, खूप वाकायचं नाही, आणि आज दिवसभर कपाळ अजिबात चोळायचं-दाबायचं नाही, औषध इकडंतिकडं सरकतं. मी सगळं पाठ केलं. 'क्वचित पापणी' हे तर इतकं पाठ केलं की गाडीत बसल्यापासून उजवा डोळा जड वाटायला लागला.

आता सोलापूरहून धाराशिवला यायचं तर वाटेत तुळजापूर. आणि तुळजापुरावरून जाऊन आईचं दर्शन न घेता पुढं जायचं, हे आपल्याकडं कुणाच्या तोंडून निघत नाही. मी म्हटलं, आज नको, पुढच्या वेळी. तुमच्या सुनेनं पिशवी उचलली. उतरलो. मी मनाशी ठरवलं होतं, लांबून हात जोडायचे, वाकायचं नाही, कपाळ कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही. रांग सरकत सरकत पुढं गेली आणि पुजाऱ्यानं कुंकवात भरलेला अख्खा पंजा पुढं केला. मी मागं सरकलो. "मालक, मागं कशाला सरता? आईचा मळवट हाय, विंचू न्हाय." मी म्हणालो, "लांबूनच लावा, हलक्या हातानं." तो म्हणाला, "हलक्या हातानं लावायला ही काय पावडर हाय का?" आणि त्यानं एका हातानं माझं डोकं मागून धरलं, दुसऱ्या हातानं भुवयांपासून केसांपर्यंत असं काही रगडून भरलं की औषध सरकायचं असेल तर थेट मानेत जावं. बाहेर आल्यावर मी पायरीवर ताठ बसलो. तुमची सून शेजारी बसून म्हणाली, "डोळा उघडा बघू. आता मिटा. दिसतोय की सारखा." मग हळूच, "आई बघून घेईल." त्यानंतर आठवडाभर मी दर तासाला आरशात पापण्या मोजल्यासारख्या बघत होतो. एक डोळा अर्धा मिटलेला विनोदी लेखक कसा दिसेल याची मी सगळी चित्रं मनात काढून ठेवली. त्यावर एक लेखही सुचला, तो लिहायची हिंमत झाली नाही.

पापणी पडली नाही. सगळं नीट बसलं. बाईंचा हात खरंच चांगला. दोन आठवड्यांनी आरशात कपाळ असं दिसायला लागलं की त्यावर पाणी टाकलं तर घरंगळून खाली यावं. मी रागावून बघितलं, काही नाही. आश्चर्य केलं, काही नाही. आतून हुकूम सुटतोय आणि पोचतच नाही, सरकारी कचेरीसारखं. फोनपुढं बसून बोललो तर लोकांनी लिहिलं, 'काका आज प्रसन्न.' मला वाटलं, जिंकलो.

अव्वाचा, माझ्या आईचा, विचार माझ्या मनात तोपर्यंत एकदाही आला नव्हता.

तुम्ही गेल्यावर तिचे कान हळूहळू गेले, हे तुम्हाला सांगायला हवं. आधी दाराची कडी ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी, मग आम्ही. कानातलं यंत्र आणलं, ते तिनं सुपारीच्या डबीत ठेवलंय. "घातलं की कानात कुणीतरी भांडी पाडतंय." ओठ वाचावेत तर माझ्या मिशा तुमच्यावर गेलेल्या, ओठ आहेत की नाहीत हेही लोकांना कळत नाही. त्यामुळं आमचं बोलणं गेली कित्येक वर्षं कपाळावरच चाललंय. भुवया वर केल्या की 'जेवलीस का?' एक भुवई वर की 'औषध घेतलं का, खरं सांग.' मधे घडी पडली की 'आज काहीतरी बिघडलंय.' ती लगेच "काय झालं?" म्हणते, मी हातानं 'सांगतो नंतर' म्हणतो. डोळे मात्र तिचे मोतीबिंदू काढल्यापासून स्वच्छ. अंगणातल्या खाटेवरून ती फाटकाशी आलेल्या माझ्या कपाळावरून वीजबिल किती आलंय ते सांगते.

आणि हे काही कान गेल्यापासूनचं नाही, अप्पा. हे तुमच्यामुळं आहे. आपल्याकडच्या वाशीच्या बैलबाजाराचा दिवस आठवा. तुम्ही दोन माणसांच्या मधे उभे. उपरण्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरलेला, बोटं दाबून भाव चाललेला, आजूबाजूच्या कुणाला काही कळू नये म्हणून. वर तुमचं तोंड, खाली तुमची बोटं, आणि दोघांची एकमेकांशी ओळखच नसल्यासारखी. मी बाजूला बैलाच्या सावलीत. एकदा एक बैल असा होता की जू मानेवर आलं की खाली बसायचा, आणि ते मला माहीत होतं. गिऱ्हाइकानं सहज माझ्याकडं बघितलं. माझ्या कपाळात घडी पडली. त्यानं उपरण्याखालून हात काढून घेतला. तुम्ही बाजारात एक शब्द बोलला नाहीत. घरी आल्यावर माझ्या भुवयांच्या मधे अंगठा दाबलात आणि म्हणालात, "हितं घडी पडली की सौदा मोडतो. तुझं तोंड म्हंजे चावडी हाय, कुणीबी यावं आन् बसावं." अंगठ्याच्या नखाची खूण दुसऱ्या दिवशीपर्यंत होती.

आणि मग तुम्ही पाटावर बसायचात. अव्वा भाकरी वाढताना विचारायची, "कसा झाला बाजार?" तुम्ही म्हणायचात, "झाला." ती आमटीत मीठ बरं पडलंय का विचारायची. तुम्ही जेवत राहायचात. मग ती चुलीपाशी बसल्या जागेवरून मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडं बघायची. कपाळावर घडी असली की आठवडाभर डाळ पातळ. कपाळ मोकळं असलं की दुसऱ्या दिवशी धपाटे. तुमच्या संसाराचा सगळा जमाखर्च ती माझ्या कपाळावरून चालवत होती. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं मी परवापरवापर्यंत समजत होतो.

तर ऐका पुढं. माझं कपाळ नीट बसलं आणि त्याच सुमारास अव्वाचं पोट दुखायला लागलं. उजवीकडं, बरगडीखाली. तुमचं दुखायचं त्याच्या आसपास. मी इथल्याच दवाखान्यात नेलं, सोनोग्राफी केली, रक्त दिलं. रिपोर्ट आणायला मी एकटा गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, "तसं काही नाही. ॲसिडिटी. तीन महिन्यांनी एकदा परत बघू." मी पळत सुटायचा बाकी होतो. रिक्षातून घरी आलो, अंगणात ती खाटेवर पाय सोडून बसली होती. मी तिच्यापुढं उभा राहिलो आणि माझ्याकडं होता नव्हता तेवढा आनंद तोंडावर आणला.

तिनं बघितलं. खूप वेळ बघितलं. मग पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला आणि म्हणाली, "बरं."

मी हातवारे केले. काही नाही, काही नाही. तिनं मान डोलावली. मी वाकून कानात ओरडलो, "काही नाही गं! सगळं चांगलं आहे!" समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. ती म्हणाली, "चांगली बातमी कुणी बोंबलून सांगतं का?" सुनेनं येऊन सांगितलं, हसून, गालावर हात लावून. अव्वा म्हणाली, "तू सांगणारच बाई. तू चांगलीच हाईस." दुसऱ्या दिवशी परत डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी अंगठा वर करून दाखवला. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यो तर सगळ्यांनाच आंगठा दाखवतो. त्याच्या दुकानाच्या पाटीवरबी आंगठाच हाय." वाचता तिला येत नाही, म्हणून रिपोर्टचा कागद दाखवूनही उपयोग नव्हता. तिला वाचता येणारा एकच कागद होता आणि तो मी सोलापूरला जाऊन कोरा करून आणला होता.

तिनं दुसरी भाकरी बंद केली. ट्रंक उघडली, माहेरची इरकल काढून सुनेच्या मांडीवर ठेवली. "नेस. ठिऊन काय करायचं." मला म्हणाली, "तुझ्या अप्पांच्या शेजारची जागा साफ करून घे. गवत लई वाढलं असंल. माती देताना मला त्येंच्यासारखं नीट बसवा, मान कलती ठेवू नका." मी जेवढा कळवळून 'नाही' म्हणत होतो तेवढं तिला जास्त पटत होतं. तुमची सून स्वयंपाकघरात मला धरून म्हणाली, "इस्त्री करून आलात, आता भोगा. सासूबाईंना काय सांगू मी? कचेरी बंद हाय, तीन महिन्यांनी या?" आणि मग ती रडली. ती सहसा रडत नाही. मी सोलापूरला फोन लावला. म्हटलं, बाई, हे उतरवायचं काही औषध आहे का? त्या म्हणाल्या, "नाही काका, ते आपोआपच उतरतं. का? काही त्रास होतोय का? पापणी?" मी म्हणालो, पापणी चांगली आहे. "मग काय झालं?" म्हणालो, घरच्यांना ओळखू येत नाही. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला सगळेच असं म्हणतात."

त्या दिवसांत एकदा अव्वानं ताट तसंच पुढं सरकवलं तेव्हा मी चिडलो. खरोखर चिडलो, आवाज चढवला, ताट परत तिच्यापुढं आपटलं. आतून मला कळत होतं की आत्ता माझ्या कपाळावर पूर्वीची जबर घडी असती. ती शांतपणे माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "हुबेहूब त्येंच्यावानी. त्येंनीबी असंच तोंड करून सांगितलं व्हतं. काय न्हाय म्हणले. आमटी मागून घेतली. म्या समजले, काय न्हाय." मग म्हणाली, "तवा तू घरात न्हवतास. तू असतास तर मला कळलं असतं."

अप्पा, मी ताट उचलून आत गेलो आणि ओट्याला धरून उभा राहिलो. कारण मला तो दिवस नीट आठवला. आपण दोघं सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यातून परत आलो होतो. डॉक्टरांनी जे सांगितलं ते दोघांनी ऐकलं होतं. तेव्हाच्या उस्मानाबादच्या स्टँडवर उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "तू आज घरी यू नको. तसाच गावाकडं ईटला जा, शेताकडं बघ. चार दिस ऱ्हा." मी म्हणालो, अहो आत्ता काय शेत? तुम्ही म्हणालात, "सांगितलं ते कर." ईटची गाडी लागलेली होती, मी बसलो. खिडकीतून तुम्ही दिसत होतात, भस्माच्या रेषा सरळ, घराच्या दिशेनं चाललेले. चार दिवसांनी आलो तर तुम्ही दुसरं काम काढून ठेवलं होतं, मग तिसरं. मला वाटलं, जाण्याआधी सगळं मार्गी लावताय. आज इतक्या वर्षांनी ओट्यापाशी उभं राहून कळलं की तुम्हाला ठाऊक होतं. ती कुठं वाचते ते तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. पाटावर खाली मान घालून जेवणारा माणूस, पण तिची मान दाराकडं वळते ते तुम्ही बघत होतात. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला बाजारात बरोबर नेत राहिलात ते काय म्हणून? तिला कळावं म्हणूनच का? हे विचारायला आता कुणी नाही, आणि असतात तर म्हणाला असतात, "झाला."

शेवटी मीच कबूल व्हायचं ठरवलं. सकाळी ती अंगणात वेणी घालत बसली होती. मी पुढ्यात मांडी घातली, तिचा हात धरून दोन बोटं माझ्या भुवयांच्या मधे ठेवली आणि जीव खाऊन रागावलो. तिनं दाबून बघितलं. "हलंना," म्हणाली. "जोर कर." मी केला. "आरं जोर कर की." मी दात आवळले, कान हलले, कपाळ नाही. ती घाबरली. "अय्यो, हितं तर मेलाय की रे तू!" मग मी सुई टोचायची खूण केली. कपाळावर, इथं, इथं, इथं. मग स्वतःच्या गालावर हात फिरवून नटासारखा ऐटीत मान वळवून दाखवली. तिला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं हातातला कंगवाच माझ्या खांद्यात हाणला. "कपाळ फुटलेली माणसं लई बघितली म्या. हौसेनं फोडून घेतलेला तूच!" आणि हसली, इतकी हसली की खोकला आला, सुनेला पाणी आणावं लागलं. मला वाटलं, सुटलो. पाणी पिऊन झाल्यावर तिनं तोंड पुसलं आणि विचारलं, "कवा येतंय परत?" मी तीन बोटं दाखवली. महिने. ती म्हणाली, "बरं. आल्यावर विचारीन. तवर तुझं काय बी खरं धरत न्हाय."

म्हणजे पटलं नाहीच. तारीख पुढं पडली, एवढंच. पण त्या दिवशी तिनं दुसरी भाकरी मागून घेतली. आणि तेव्हापासून रोज सकाळी, वेणी झाली की ती मला हाक मारते, मी पुढ्यात जाऊन बसतो, ती दोन बोटं ठेवते आणि म्हणते, "कर." मी करतो. "न्हाय अजून," म्हणते आणि उठून चहाला जाते. जीव धरून वाट बघावी तसं तिचं चाललंय. भाकरी खाते, सुनेला दिलेली इरकल परत मागून घेऊन एका कार्यक्रमाला नेसून आली, पोटाचं नाव काढत नाही. माझ्याबद्दल शेजारणीला सांगते, "त्याचं कपाळ उगवायचंय अजून."

आता तीन महिने होत आले. येत्या आठवड्यात डॉक्टरांनी परत बोलावलंय. 'एकदा परत बघू' म्हणाले होते ना, ते मी तेव्हा नीट ऐकलं नव्हतं की ऐकून बाजूला ठेवलं होतं, मला सांगता येत नाही. सगळं ठीक आहे, तर परत कशाला बघायचं? हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला नाही. सुनेलाही विचारला नाही. दुपारी पडलो की तो येऊन उशाशी बसतो. मला असं वाटायला लागलंय की त्या दिवशी रिक्षातून मी घरी आलो तेव्हा माझं कपाळ चालतं असतं, तरी तिला त्यावर निव्वळ आनंद दिसला नसता. मधे बारीकशी एक घडी दिसली असती. ती तिनं वाचली असती.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे लिहायला बसलो तेव्हाच माहीत होतं. तुमच्या शेजारची जागा मी अजून साफ केलेली नाही, तिकडं फिरकलोही नाही, त्यामुळं तिथं नेऊन ठेवायचाही प्रश्न नाही. कपाटात राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. आज सकाळी अव्वानं बोटं ठेवली, "कर" म्हणाली, आणि मला आत काहीतरी सरकल्यासारखं जाणवलं. हुकूम पोचत होता. मी तो मधेच अडवला, कपाळ हलू दिलं नाही. ती म्हणाली, "न्हाय अजून," आणि चहाला गेली.